फ्राऊबाईंचा कालनिर्णय

शनिवार पेठेत पूर्वी वाडा होता आणि आता चारमजली इमारत आहे, अशा एका ठिकाणी दुसऱ्या मजल्यावर पितळी पाटीखाली पुठ्ठ्याची एक पाटी लटकते. ‘क्लास किती महिन्यांचा, असे विचारू नये. विद्यार्थी पाहून सांगण्यात येईल.’ त्याखाली वेगळ्या शाईत, बहुधा मागाहून आलेल्या अनुभवाने, ‘तास संपल्यावर दारात बोलत उभे राहू नये.’ पुण्यातल्या पाट्या इतरांनी मोडायच्या असतात. यातला दुसरा नियम रोज मोडला जातो आणि मोडणारी व्यक्ती पाटी लिहिणारीच असते.

त्यांना सगळे फ्राऊबाई म्हणतात. जर्मनमध्ये फ्राऊ म्हणजेच बाई, तेव्हा फ्राऊबाई म्हणजे बाईबाई. ‘पावरोटीतला प्रकार आहे हा,’ असं त्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सुनावतात, पाव म्हणजे पोर्तुगीजांची रोटीच हेही सांगतात, आणि फोन उचलल्यावर मात्र ‘हां, फ्राऊबाई बोलतेय’ असंच म्हणतात. वय सत्तरीच्या अलीकडे की पलीकडे, हे विचारायची कुणाची छाती नाही. किरकोळ बांधा, सुती साडी, दोरीला लावून गळ्यात सोडलेला चष्मा आणि डाव्या हाताला पुरुषी पट्ट्याचं घड्याळ. ते घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेलं. त्या वेळ बघायला लागल्या की आपलीच नाडी बघतायत असं वाटतं, आणि तसं वाटणं फारसं चूक नाही.

जर्मन त्या रानडेत शिकल्या. पुण्यात ‘रानडे’ म्हटल्यावर पुढचं ‘इन्स्टिट्यूट’ म्हणावं लागत नाही. फर्ग्युसन रस्त्यावरच्या त्या जुन्या इमारतीत विद्यापीठाचा परकीय भाषांचा विभाग, आणि निम्म्या पेठांचं जर्मन, फ्रेंच, रशियन तिथूनच घरोघर गेलेलं. पुढे बाईंनी भाषांतरं केली, कारखान्यात यंत्रं बसवायला आलेल्या जर्मन इंजिनिअरांबरोबर दुभाषी म्हणून उभ्या राहिल्या, आणि मग घरी क्लास सुरू केला. तो अजून चालू आहे.

मी त्यांच्याकडे गेलो तो नातवापायी. मुलगी श्टुटगार्टजवळ राहते, जावई तिकडचाच. नातू तेव्हा चार वर्षांचा. त्याला मराठी कळतं, पण उत्तर तो जर्मनमध्ये देतो आणि आजोबांना काही कळलेलं नाही हे ओळखून आईकडे ज्या नजरेने बघतो, ती नजर मी विमा कंपनीतल्या पस्तीस वर्षांत कुठल्याही वरिष्ठाची पाहिली नव्हती. तेव्हा ठरवलं, शिकायचं.

‘बाई, साधारण किती दिवसांत बोलता येईल?’ मी विचारलं. बाईंनी दाराकडे बोट दाखवलं. पाटीची मागची, कोरी बाजू आत होती, पण मला ती वाचता आली.

मग त्यांनी माझ्यापुढे पोह्यांची बशी ठेवली आणि एका जर्मन मुलांच्या पुस्तकातून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. मधूनच एखादा शब्द दोनदा म्हणत, चित्र दाखवत, माझ्याकडून म्हणवून घेत. मला वाटलं, चाललंय बुवा झकास. एकाएकी त्यांनी पुस्तक मिटलं, उठल्या, भिंतीवरच्या कालनिर्णयाशी गेल्या आणि कानामागची पेन्सिल काढून त्या दिवसाच्या चौकोनात लिहिलं : ३५.

‘हे काय?’

‘मिनिटं. तुमचा तास पस्तीस मिनिटांचा.’

मला राग आला. ‘अहो बाई, मी रोजचे आठ तास एका खुर्चीत बसून काम केलंय.’

‘बसलात ते दिसतंय,’ बाई म्हणाल्या. ‘तेहतिसाव्या मिनिटाला तुम्ही पंख्याकडे बघितलंत. चौतिसाव्याला त्याची पाती मोजलीत. पस्तिसाव्याला मला विचारलंत, या इमारतीला पार्किंग आहे का.’

विचारलं होतं खरं.

ते कालनिर्णय एकदा जवळून बघण्यासारखं आहे. इतरांच्या घरी त्यावर दुधाचा हिशेब आणि गॅसची तारीख असते. बाईंकडे संकष्टीच्या चौकोनात ‘नर्सेस १८०’, शेजारी ‘पिंट्या २५’, एकादशीला ‘हिंजवडी ७५ (१५+६०)’, आणि अमावास्येला नुसतंच ‘फाईलवाले २०!!’ प्रत्येक विद्यार्थ्याला त्याचा आकडा. तो दर तीन महिन्यांनी तपासला जातो, वाढतो, क्वचित घटतोही. आपला आकडा वाढला की माणसं पेढे आणतात. एका गृहस्थांचा पन्नासावरून चाळीसवर आला, तेव्हा ते आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत. मराठीतसुद्धा.

या कारभारामागे बाईंचा एकच सिद्धान्त आहे, आणि तो जर्मनीहून आलेला नाही, त्यांच्या आजीच्या स्वयंपाकघरातून आलेला आहे : पानावरून दोन घास भूक ठेवून उठावं. ‘पोट फुटेस्तोवर वाढलं की दुसऱ्या दिवशी माणूस जेवायला येत नाही,’ त्या म्हणतात. ‘भाषेचंही तेच. अजून थोडं हवं होतं असं वाटताना तास मोडला, तर तो जिन्यात घोकतो, बसमध्ये घोकतो. पुरे झालं असं वाटेपर्यंत बसवला, तर जिन्यातच विसरतो.’

आता प्रत्येकाची भूक वेगळी, ही अडचण. म्हणून ते पोहे, ते पुस्तक आणि ती पेन्सिल.

आठवीची पोरं बाई पंचवीस मिनिटांत उठवतात. आठवीला संस्कृतच्या जागी जर्मन घ्यायचं, कारण ‘स्कोअरिंग’, हे आईबापांनी ठरवलेलं असतं. पोरांचं म्हणणं कुणी विचारलेलं नसतं. पंचवीस मिनिटं गाणी, पत्ते, भाज्यांची नावं, धावपळ. सव्विसाव्या मिनिटाला बाई दार उघडतात : ‘पळा खाली.’ यावरून एकदा जुंपली. पिंट्याची आई मोबाईलवर वेळ लावूनच वर आली.

‘बाई, फी तासाची घेता आणि अर्ध्या तासाच्या आत सोडता. उरलेल्या पस्तीस मिनिटांचं काय?’

‘ती तुमची,’ बाई म्हणाल्या. ‘बसा.’

आणि बसवलं. ती माउली भांडायच्या तयारीने आली होती, त्यामुळे अगदी जागी होती. बाईंनी तिला तक्रार जर्मनमध्ये करायला शिकवलं. पस्तीस मिनिटांनी ती ‘हे फार महाग आहे’ आणि ‘मला मॅनेजरशी बोलायचंय’ ही दोन वाक्यं खणखणीत म्हणत जिना उतरली. पुढल्या आठवड्यात पिंट्याच्या आधी हजर. आज पिंट्याने जर्मन सोडलंय, आई बी-वनच्या पातळीला पोचली आहे. तिचा आकडा नव्वद.

हिंजवडीवाल्यांचं गणित निराळं. माणूस सात वाजता येऊन बसतो, मन अजून वाकडच्या पुलावर अडकलेलं असतं. म्हणून त्यांचे पंच्याहत्तर, त्यातले पहिले पंधरा हिशेबात धरायचेच नाहीत. त्या पंधरा मिनिटांत बाई त्यांना काही शिकवत नाहीत. लिंबू सरबत देतात आणि कुठे किती ट्रॅफिक होता ते सांगू देतात, अट एवढीच की रस्त्यांची नावं सोडून बाकी जर्मनमध्ये. शिव्यांची मुभा आहे. यांच्यातला एक हटकून विचारतो, ‘मॅम, एक्झॅक्टली किती अवर्समध्ये बी-टू होईल? मला प्लॅन करायचाय.’ त्याला बाई आकडे देतात, कारण आकडे दिल्याशिवाय त्याचा जीव शांत होत नाही. ग्योथं इन्स्टिट्यूटच्या हिशेबाने ए-वनला पंचेचाळीस मिनिटांचे ८० ते २०० तास लागतात, बी-टूला पोचेपर्यंत ६०० ते ८००. ‘ऐंशी ते दोनशे म्हणजे केवढी मोठी रेंज, मॅम!’ ‘अरे, शिंपी पण म्हणतो, शर्टाला दीड ते अडीच मीटर. आधी पोट दाखव.’

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची मुत्सद्द्यांना भाषा शिकवणारी एक संस्था आहे, तिचेही आकडे बाईंना पाठ आहेत. इंग्रजी मातृभाषा असणाऱ्याला जर्मन ३६ आठवड्यांत, जपानी ८८ आठवड्यांत आणि मराठी ४४ आठवड्यांत, म्हणजे सुमारे ११०० तासांत. हा शेवटचा आकडा सांगताना बाईंचा चेहरा फुलतो. ‘म्हणजे त्यांच्या दृष्टीने आपण जर्मनपेक्षा अवघड! अकराशे तास. आणि त्यात पेठेतलं मराठी धरलेलं नाही.’

हा ‘तास’ मुळात किती मिनिटांचा, हाही बाईंच्या आवडीचा विषय. प्रशियाच्या शिक्षणखात्याने १९११ मध्ये शाळेचा तास साठ मिनिटांवरून पंचेचाळीसवर आणला आणि तो जर्मनीत अजून टिकून आहे. तेव्हा साठ मिनिटांचा हट्ट धरणाऱ्या पालकांना बाई सांगतात की जर्मन भाषा जर्मन तासानेच शिकवायची असते. मग पिंट्याला पंचवीसच का, असं कुणी विचारलं तर म्हणतात, ‘तो अजून लहान प्रशिया आहे.’

नर्स मुलींच्या बाबतीत मात्र भूक ठेवून उठायचा नियम बाई गुंडाळून ठेवतात. या मुली नगर, सोलापूर, बीडकडच्या. इथल्या दवाखान्यांत रात्रपाळ्या करून सकाळी येतात. जर्मनीत परिचारिका म्हणून नोंदणी व्हायला साधारण बी-टू लागतं, आणि घरी कर्ज, धाकट्या भावाची फी, कुठे कोरडी विहीर असं मागे लागलेलं असतं. यांचा तास तीन तासांचा, मध्ये वडापाव. डोळे मिटायला लागले की बाई त्यांना उभं करतात आणि एकमेकींचा रक्तदाब जर्मनमध्ये मोजायला लावतात. एकदा मी भोचकपणे म्हटलं, ‘बाई, तुमच्या सिद्धान्ताचं काय झालं?’ बाई पहिल्यांदाच माझ्याशी तुसडेपणाने बोलल्या. ‘तो सिद्धान्त जेवून आलेल्यांसाठी आहे.’

लग्न ठरलेल्या मुलींचा हिशेब तारखेवर. काही व्हिसांना ए-वनचं प्रमाणपत्र लागतं, आणि परीक्षेची तारीख हॉलच्या तारखेशी भांडत असते. बाई अशा मुलीला रोज चाळीस मिनिटं देतात आणि घरच्यांना हजार सूचना. हळद लागल्यावर क्लासला आलेली एक मुलगी मी पाहिली आहे. ए-वनच्या तोंडी परीक्षेत चित्रांची कार्डं देतात आणि त्यावरून समोरच्याकडे काहीतरी मागायचं असतं, पाणी, पेन, खुर्ची. ती पिवळ्या हातांनी कार्ड धरून बाईंकडे पेन मागत होती आणि बाई परीक्षकाचा आवाज काढून ‘बिटऽ’ म्हणत होत्या. पास झाली. लग्नही झालं.

आणि आम्ही पेन्शनर. आमचं दुखणं असं की आम्हाला वेळच वेळ आहे. वेळ असलेल्या माणसाला किती वेळ द्यायचा, हा भाषाशिक्षणातला सगळ्यांत अवघड प्रश्न आहे असं बाई म्हणतात. आम्हाला तीन तास दिले तर पावणेतीन तास आम्ही मराठीत बोलणार, त्यातले दोन महापालिकेवर.

आमच्यात एक फाईलवाले आहेत. निवृत्त इंजिनिअर, चार रंगांची बॉलपेनं, खणांची फाईल, प्रत्येक नियमाला अपवाद किती आणि ते का, याची स्वतंत्र वही. चार वर्षं ए-वनमध्ये आहेत. त्यांना ‘माझं नाव अमुक’ एवढं बोलण्याआधी त्या वाक्यातल्या क्रियापदाचा पूर्वेतिहास हवा असतो. ‘मुलगी नपुंसकलिंगी कशी?’ या एका प्रश्नावर त्यांनी श्रावण काढला. दास मेडशन, ती मुलगी नव्हे, ‘ते’ मुलगी. बाईंनी नाना परीने सांगितलं. शेवटी म्हणाल्या, ‘तुमच्या धाकट्या चिरंजीवांबद्दल परवा तुम्ही काय म्हणालात? ते कार्टं अजून झोपलंय. कार्टं पुल्लिंगी का नाही, ते आधी मला सांगा.’ फाईलवाले घरी गेले ते आठ दिवस मराठी व्याकरणात. त्यांचा तास वीस मिनिटांचा आणि प्रश्न एकच विचारायचा, अशी बाईंनी लेखी समज दिली आहे. पुढची दोन उद्गारचिन्हं तीच.

खरं तर मराठी माणसाला जर्मन शिकताना कितीतरी गोष्टी घरातूनच मिळतात, आणि बाई त्या अशा काढून दाखवतात की माहेरची पेटी उघडावी. आपल्याकडे तो-ती-ते आहे, त्यांच्याकडे डेर-डी-दास. सूर्य त्यांचा स्त्रीलिंगी निघाला म्हणून दोन दिवस चुटपुट लागते, एवढंच. इंग्रज वीस-एक म्हणतो, जर्मन आपल्यासारखा एक आधी घेऊन एक-आणि-वीस म्हणतो. एकवीस! पण मी जागेवरून उठलो तो अडीचपाशी. जर्मन माणूस अडीच वाजले हे ‘हाल्ब द्राय’ असं सांगतो, म्हणजे ‘अर्धा तीन’. तिसरा अर्धाच झालाय. मला वाटलं, काय उलटं डोकं. बाईंनी पाटीवर लिहिलं : अर्धतृतीय. ‘याचं घासून घासून काय झालं? अडीच. आपणही हेच म्हणतो, फक्त आता ऐकू येत नाही.’ दीडचंही तसंच. त्यांचा ‘आन्डर्टहाल्ब’ म्हणजे दुसरा अर्धा, आणि आपला दीड ज्या संस्कृत शब्दातून आला त्याचाही अर्थ तोच. साठ वर्षं दीड-अडीच म्हणत आलो, दीडदमडीचा हिशेबही चुकू दिला नाही, आणि आपण काय म्हणतोय ते मला शनिवार पेठेत जर्मनच्या तासाला कळलं. त्या दिवशी मी पंख्याकडे बघितलं नाही. बाईंनी आकडा चाळीस केला. पुढच्या तासाला मी पुन्हा पार्किंगवर घसरलो. पुन्हा पस्तीस.

पस्तीस मिनिटांत कसं शिकणार, ही माझी भुणभुण चालूच होती. एका संध्याकाळी बाई वाल सोलत बसल्या होत्या. कडवे वाल, मोड आलेले. चार शेंगदाण्यांएवढी जागा रिकामी करून त्यांनी मलाही बसवलं. ‘हे आदल्या रात्री भिजत घातले. मग उपसून फडक्यात बांधले, मोड आणले. आता सोलतोय, अर्धा तास तरी जाईल. आणि शिजायला किती वेळ लागणार?’

‘थोडाच.’

‘थोडाच. जास्त ठेवले तर लगदा. तुम्ही वाल आहात. क्लास म्हणजे नुसता गॅस. भिजणं, मोड येणं, सोलणं हे घरी. पिंट्या म्हणजे भात, चटकन होतो, विसरलं तर करपतो. हिंजवडीवाले तूरडाळ. नर्स मुली राजमा, भरपूर शिट्ट्या लागतात पण पोटाला आधार.’

‘आणि फाईलवाले?’

बाईंनी विचार केला. ‘ते कुकरची रिंग तपासतायत अजून.’

मग सोलता सोलता त्यांनी एबिंगहाउसची गोष्ट सांगितली. या जर्मन माणसाने निरर्थक अक्षरांच्या माळा करून स्वतःच पाठ केल्या, किती विसरलो त्याची नोंद ठेवली आणि १८८५ मध्ये ते सगळं छापलं. एका दिवशी ६८ वेळा घोकून त्याला जे साधलं, ते तीन दिवसांत मिळून ३८ वेळांत साधलं. ‘म्हणजे काय?’ मी विचारलं. ‘म्हणजे भिजत घाला,’ बाई म्हणाल्या आणि वाटी घेऊन आत गेल्या.

एवढं सगळं वाचून फ्राऊबाई म्हणजे काट्यावर चालणारं जर्मन घड्याळ, असं तुम्हाला वाटलं असेल तर दोष माझा. कारण पाटीवरचा दुसरा नियम राहिला.

बाईंचा तास मिनिटावर संपतो. घड्याळाकडे एक नजर, ‘श्लुस’, म्हणजे संपलं. माणसं उठतात, चपला घालतात, बाई दारापर्यंत येतात. एक हात कडीवर. आणि मग, ‘अरे हो, मघाशी तू म्हणालास ना...’

इथे खरा क्लास सुरू होतो. या वेळेची फी नाही, या वेळेचा आकडा कालनिर्णयात नाही. आत चुकलेलं सगळं इथे पुन्हा निघतं. दाराच्या उंबऱ्यावर बाईंनी मला हँबुर्गची सर्दी सांगितली, जर्मन इंजिनिअरांनी पहिल्यांदा मिसळ खाल्ली तेव्हा उच्चारलेले शब्द सांगितले, मॅक्समुल्लरची हकिकत सांगितली. ज्याच्या नावाने आपल्याकडे भवनं आहेत तो गृहस्थ भारतात कधी आलाच नाही. ऑक्सफर्डमध्ये बसून ऋग्वेद छापत राहिला, १८४९ ते १८७४, सहा खंड. ‘पंचवीस वर्षांचा क्लास,’ बाई म्हणाल्या, ‘आणि विद्यार्थी एकटाच.’ समोरच्या बिऱ्हाडातल्या काकू या गप्पा दाराच्या फटीतून ऐकत आल्या आहेत. त्या कधीही क्लासला आल्या नाहीत, एक पैसा दिला नाही. आमच्या फाईलवाल्यांनी मागे एकदा जिन्यात डेर म्हटलं, तेव्हा आतून आवाज आला : ‘दास.’

बाईंना हे कबूल नाही. त्यांच्या मते क्लास म्हणजे आतला, मोजलेला. दारातलं म्हणजे ‘जाता जाता’. मीही तसंच धरून चाललो होतो, ते २०२० पर्यंत. टाळेबंदी लागली, बाईंच्या भाच्याने त्यांना झूम लावून दिलं. फुकटातल्या झूमवर तेव्हा तीन माणसं जमली की चाळिसाव्या मिनिटाला सगळे बाहेर फेकले जायचे. पहिल्या दिवशी बाईंचं ‘श्लुस’ व्हायच्या आत पडदा काळा झाला. त्यांचा मला फोन आला, आवाज थरथरत होता. ‘माझा तास मोडणारं हे कोण?’ मी सांगितलं की यंत्र आहे, सगळ्यांनाच चाळीस देतं. ‘पिंट्यालाही चाळीस? नर्सेसनाही? याला काही माणसांची पारख आहे की नाही?’

पुढे त्यांनी चाळिसाच्या आतले आकडे बसवले, नर्सेसचे साडेचार तुकडे केले, सगळं वेळेवर चाललं. चार महिने आम्ही अगदी शिस्तीत शिकलो. आणि आमचं जर्मन बसलं. म्हणजे खाली बसलं. पिंट्याची आई अडखळायला लागली, मी हाल्ब द्रायला पुन्हा साडेतीन समजू लागलो. धडे तेच, बाई त्याच, गृहपाठ जास्तच. मी नातवाला हाक मारली की तो पुन्हा आईकडे त्या नजरेने बघू लागला. काय कमी पडतंय ते कुणाला कळेना. बाईंनी पुस्तक बदललं, गाणी वाढवली, एबिंगहाउस पुन्हा काढला.

ते समोरच्या काकूंना कळलं. एके दिवशी त्यांनी दार उघडून बाईंना विचारलं, ‘अहो, हल्ली तुमच्याकडे कुणी जात नाही का? म्हणजे, येतात ते दिसत नाहीत, पण जातही नाहीत?’

झूमला दार नव्हतं. ‘लीव्ह’ दाबलं की माणूस संपला. कडीवर हात नाही, चपलेत एक पाय नाही, ‘अरे हो’ नाही.

बाईंनी हे मान्य केलं का? नाही. एवढंच झालं की त्यानंतर झूमचा तास संपल्यावर त्या एकेकाला फोन करायच्या. ‘काही नाही, सहज.’ एकेक ‘सहज’ पाऊण तासाचा. माझा फोन गरम व्हायचा. त्या वर्षीच्या दिवाळीत नातवाने मला काहीतरी विचारलं आणि मी उत्तर दिलं. तो आईकडे न बघता खेळायला निघून गेला. मुलगी म्हणाली, ‘बाबा, तुम्ही आत्ता त्याला भोपळ्याची भाजी संपव म्हणालात.’ मला तेच म्हणायचं होतं.

परवाची गोष्ट. बाईंनी तुटणारी क्रियापदं घेतली होती. जर्मनमध्ये काही क्रियापदांचे दोन तुकडे होतात. ‘त्सूमाखेन’ म्हणजे बंद करणं. वाक्यात ‘माखेन’ मध्ये बसतं आणि ‘त्सू’ सुटून थेट शेवटी जातं. मधे काय वाटेल तेवढं घाला, ऐकणाऱ्याने त्या ‘त्सू’ची वाट बघत थांबायचं, कारण तो आल्याशिवाय दार उघडतायत की लावतायत तेच कळत नाही. आपल्याला क्रियापदासाठी वाक्याच्या शेवटापर्यंत थांबायची सवय असते, त्यामुळे मला ते पटकन उमगलं. पस्तीस मिनिटं झाली. सहा वाजले. श्लुस.

मी आणि फाईलवाले चपला घालून दारात आलो. बाई म्हणाल्या, ‘हे बघा, प्रत्यक्षच दाखवते,’ आणि कडीला हात घालून, दार निम्मं ओढून मोठ्याने म्हणाल्या, ‘इश माखं दी ट्यूर...’ म्हणजे, मी दार... आणि थांबल्या. ‘अरे हो,’ त्या फाईलवाल्यांना म्हणाल्या, ‘तुमच्या मुलाचं काय झालं त्या श्टुटगार्टच्या नोकरीचं?’

‘त्सू’ ऐकू आलं तेव्हा सव्वासात झाले होते.